मिरचीलाल, जरा कमी

रात्र कॉलेजात तीन पंखे.
त्यातला एक फिरतो, असं म्हणता येईल.
फळ्यावर मी लिहिते:
सर्व क हे ख आहेत.
हा क आहे.
म्हणून हा ख आहे.
खडू मोडला तिथे पूर्णविराम.

मागच्या बाकावर गोवर्धन बिटला,
अक्कलकोट रोडच्या रंगखान्यातून थेट आलेला,
नखांच्या मुळाशी परवाचं निळं.
"मॅडम, हा क
किती क आहे?"

वर्ग हसला. मीही हसले, थोडी.

मग त्यानं सांगितलं.
टॉवेलचा लॉट असतो, मिरचीलाल.
पार्टी येते, दारात उभी राहून
चिंधी उन्हाला धरते, म्हणते, जरा कमी.
आम्ही अर्धी पळी वाढवतो.
अजून जरा कमी.
अजून अर्धी.
असं करत करत पार्टी म्हणते, चालतंय.
"तर त्याच्या आदल्या पळीला
तो लाल नव्हता का ओ?"

घंटा झाली. ती मात्र पूर्ण झाली.

पुस्तकात पर्वतावर धूर असतो,
म्हणून पर्वतावर अग्नी.
सोलापुरात पर्वत कुठला, चिमणी आहे.
सकाळी तिच्या तोंडाशी धूर की धुरळा
हे मला चष्मा पुसूनही ठरवता येत नाही.
बसस्टॉपवर गोवर्धन नुसतं नाक वर करतो:
"पेटतोय ओ बॉयलर. अजून पेटला नाही."

पेटतोय.
या एका क्रियापदाला
माझ्या सबंध फळ्यावर जागा नव्हती.

घरी पिंप तळाला टेकलेलं.
पाणी बहुतेक पाचव्या दिवशी येतं.
आज बहुतेक पाचवा दिवस
(कॅलेंडरवर खूण करायची राहिली,
शेजारच्या कुरापतीवहिनी चौथा म्हणतात, पण ठामपणे नाही).
म्हणून आज पाणी
दुधाच्या हिशेबाच्या वहीत मी मांडून पाहिलं:
दहातले आठ, आणि त्या आठांतले पुन्हा दहाला आठ.
साडेसहासुद्धा धड उरले नाहीत.
एका बहुतेकावर दुसरा बहुतेक ठेवला
की खालचा दबतो.
तरी नळ उघडा ठेवला,
खाली स्टीलचं ताट पालथं,
थेंब पडला तर वाजावं म्हणून.
सहा म्हणजे झोपायला जास्त
आणि उठून बसायला कमी.

वार्षिक परीक्षेत प्रश्न पाचवा:
पुढील अनुमान वैध आहे काय?
होय किंवा नाही लिहून कारण द्या.
गोवर्धननं लिहिलं, बरंचसं.
आणि खाली पानभर कारण,
एका कोपऱ्यात अंगठ्याचा फिकट जांभळा ठसा.

आदर्श उत्तरात 'होय' आहे. गुण पाच.
बाकीची बेरीज एकतीस.
पस्तीसला पास, चौतीसला नापास,
आणि मधल्या त्या एका गुणात
एका माणसाचं अख्खं वर्ष मावतं.
कुलकर्णीसर म्हणाले, रेघ ती रेघ.
त्यांचं चूक नाही. त्यांचं
निदान दहातले सात तरी बरोबर आहे.

उत्तरपत्रिका घेऊन मी खिडकीशी गेले.
उन्हाला धरली.
तीन लिहिले.
जरा कमी.
साडेतीन.
पेनाची रिफिल संपत आलेली,
साडे लाल उमटलं, तीन गुलाबी.
साडेचौतीस. नियमाप्रमाणे
अर्धा गुण वर ओढून घ्यायचा असतो.
मी ओढला.
तर्काला धरून होतं की नाही,
त्याचं कारण द्या म्हणालात तर मलाही पानभर लागेल.

रात्री दोनच्या सुमाराला
ताट वाजलं.
एकदाच.
मी अंधारात बसून राहिले,
दुसऱ्या थेंबापर्यंत
पाणी किती आलं
हे ठरवत.